काचेवर पाणी

कोल्हापूरच्या जरा अलीकडं, नदीच्या काठाला माळेवाडी म्हणून गाव आहे. त्या गावात दौलू नावाचा माणूस राहायचा, आणि तो भोळा होता.

किती भोळा? एकदा त्याची बायको पाण्याला जाताना म्हणाली, "चुलीवर दूध ठेवलंय, जरा लक्ष ठेवा." दौलू पाट घेऊन चुलीपुढं बसला. दूध तापलं. वर आलं. पातेल्याच्या काठापर्यंत आलं आणि उतू गेलं. चूल विझली. बायको परत आली तर घरभर करपट वास. दौलू पाटावरच बसलेला.

"लक्ष ठेवा म्हटलं होतं ना," बायको म्हणाली.

"ठेवलं की," दौलू म्हणाला. "सगळं जाईपर्यंत नजर हलवली न्हाई."

आता असा माणूस आळशी असेल असं कुणालाही वाटेल. पण दौलू आळशी नव्हता. हाताला चांगला होता, कामाला वाघ होता. सांगितलेलं कधी विसरायचा नाही. अडचण एवढीच, की त्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. नवी आत आली की जुनी बाहेर. आणि जी आत यायची ती जशी सांगितली तशीच्या तशी, काना-मात्रेसकट.

तो आण्णाप्पा मिस्त्रीच्या गॅरेजात कामाला होता. मिस्त्री त्याच्याशी फार जपून बोलायचा. 'थांब म्हणेपर्यंत नट पिळ' असं तर कधीच म्हणायचा नाही. एकदा एका ट्रॅक्टरच्या चाकापाशी म्हणाला होता, आणि थांब म्हणायचं राहून गेलं होतं. त्या ट्रॅक्टरचं ते चाक पुढं कुणालाच काढता आलं नाही.

अशात मिस्त्री मोरीत घसरून पडला. उजवा हात मोडला. कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टर घालून तो घरी बसला, आणि नेमका त्याच आठवड्यात आक्कासाहेबांचा निरोप आला, की गाडी बघायला माणूस पाठवा.

आक्कासाहेबांचा बंगला गावाच्या टोकाला. त्यांचे यजमान आबासाहेब हयात असताना त्यांनी एक विलायती गाडी हौसेनं घेतली होती. दोनच माणसांची. बुटकी, लांब नाकाची, कापडी टपाची, पिकल्या लिंबाच्या रंगाची. तिच्यात बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसायचं. आबासाहेब गेले. सगळ्यांना वाटलं आता गाडी गेली भंगारात. पण आक्कासाहेबांनी साठी उलटल्यावर गाडी शिकून घेतली. सुरुवातीला त्या बाहेर पडल्या की गल्लीतल्या कोंबड्या पळायच्या. नंतर कोंबड्यांनाही सवय झाली. त्या नुसत्या बाजूला होऊन बघत उभ्या राहायच्या.

आक्कासाहेबांचे धाकटे दीर भाऊसाहेब यांना मात्र हे बघवत नव्हतं. त्यांचं कोल्हापूरच्या रस्त्याला मंगल कार्यालय होतं. त्यांच्या मनात ही गाडी कार्यालयाच्या दारात मांडायची होती. नवरा-नवरीला आत बसवून फोटो काढायचे. इंजिन काढून टाकायचं आणि त्या जागी कारंजं बसवायचं. ते आले की हेच बोलायचे. एकदा बोलता बोलता म्हणाले, "वहिनीसाहेब, कोल्हापुरात जुन्या गाड्यांची फेरी निघणार आहे. परीक्षक गाडी तपासतात. तुमची गाडी त्यात पास होऊन दाखवा. नाही झाली तर आमच्या दारात."

"आणि झाली तर?" आक्कासाहेब म्हणाल्या.

"झाली तर कारंज्याचं नाव काढणार नाही."

आक्कासाहेब रागाच्या भरात हो म्हणाल्या. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, की परीक्षक दिवे बघतात, हॉर्न बघतात, ब्रेक बघतात आणि समोरच्या काचेवर पाणी उडतं का तेही बघतात. बाकी सगळं ठीक होतं. काचेवर पाणी मात्र आबासाहेब होते तेव्हापासून उडत नव्हतं.

मिस्त्रीनं दौलूला घरी बोलावलं. "दौल्या, मी येऊ शकत न्हाई. तुलाच जायला पाहिजे. नाजूक गाडी हाय. गेल्या गेल्या पाना घेऊन खोलायला बसू नकोस. आधी तक्रार काय हाय ती नीट ऐकून घे. मग मला येऊन सांग."

दौलूची छाती फुगली. आक्कासाहेबांच्या गाडीला त्याला एकट्याला कुणी पाठवेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. 'तक्रार ऐकून घ्यायची,' असं घोकत तो बंगल्यावर गेला. आक्कासाहेब आत होत्या. दौलूनं त्यांना हाकसुद्धा मारली नाही. सरळ गाडीपाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि तिच्या पिवळ्या नाकाला कान लावला.

आक्कासाहेब चहा पिऊन बाहेर आल्या. दौलू तसाच.

"काय रे, काय करतोस?"

दौलूनं ओठावर बोट ठेवलं. "तक्रार ऐकतोय," तो हळूच म्हणाला. "अजून काय बोलली न्हाई."

आक्कासाहेबांनी जरा वेळ वाट बघितली. त्यांनाही वाटलं, मिस्त्री लोकांची तपासायची काहीतरी पद्धत असेल. पण दौलू दुसरा कान लावायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या ये. आज तिला बोलायची इच्छा दिसत नाही."

दौलूनं मिस्त्रीला सगळं जसं झालं तसं सांगितलं. मिस्त्रीनं डाव्या हातानं कपाळ धरलं.

"अरे, गाडी बोलंल का? तोंड उघडून विचारायचं. डॉक्टर कसा विचारतो? कुठं दुखतं, कधीपासनं, खाल्लेलं पचतं का, जीभ दाखवा. तसं विचारायचं. विचारल्याशिवाय कळत न्हाई."

दौलूनं ते डोक्यात पक्कं बसवलं. तक्रार ऐकायची बाहेर गेली, डॉक्टर आत आला.

दुसऱ्या दिवशी आक्कासाहेब व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. दौलू समोर उभा राहिला. खाकरला.

"आक्कासाहेब, कुठं दुखतं?"

"गुडघा," आक्कासाहेब म्हणाल्या, कारण तो खरंच दुखत होता.

"कधीपासनं?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"खाल्लेलं पचतं?"

"सकाळचं पचतं. रात्रीचं जरा जड जातं."

"जीभ दाखवा."

आक्कासाहेबांनी जीभ दाखवली. दौलूनं वाकून बघितली. मान हलवली. जीभ आत घेतल्यावर आक्कासाहेबांना शंका आली.

"दौलू, तू गाडी बघायला आलायस ना?"

"व्हय."

"मग माझी जीभ कशाला बघितलीस?"

"बघितल्याशिवाय कळत न्हाई," दौलू म्हणाला.

आक्कासाहेब उठल्या. त्याला हाताला धरून गाडीपाशी नेलं. पुढचं झाकण उघडलं आणि एखाद्या लहान मुलाला दाखवावं तसं दाखवलं. ही पाण्याची बाटली. हिच्यातनं ही रबरी नळी निघते. नळी आत ह्या बटणाला जाते आणि तिथनं बाहेर काचेखाली ह्या दोन तोट्यांना येते. बटण दाबलं की तोट्यांतनं पाणी काचेवर उडायला पाहिजे. ते उडत नाही. हे दुखणं. दौलूनं सगळं मनापासून ऐकलं. त्याला ती चिमुकली तोटी फार आवडली. एवढीशी तोटी, आणि तिच्यापायी गाडी कारंज्यात जायची वेळ आलेली, ह्याचं त्याला वाईट वाटलं.

तो मिस्त्रीकडं आला. मिस्त्री म्हणाला, "कळलं. बरीच वर्षं वापर न्हाई, कुठंतरी अडलंय. त्याला औषध सोपं हाय. अडलंय तिथं फुंक मारायची. जोरात. एका फुंकेत मोकळं."

'अडलंय तिथं फुंक मारायची.' दौलूनं घोकलं. डॉक्टर बाहेर गेला, फुंक आत आली.

सकाळी तो बंगल्याकडं निघाला. गल्लीत गर्दी. पारूबाईची म्हैस चावडीच्या बोळात आडवी उभी होती. पुढं जाईना, मागं येईना. पारूबाई दावं ओढून ओढून घामाघूम झालेली. मागं एक सायकलवाला, एक दूधवाला आणि मास्तर खोळंबलेले.

"काय झालं?" दौलूनं विचारलं.

"अडलीया बघ," पारूबाई म्हणाली. "तासभर झाला, अडून उभी हाय."

दौलू पुढं झाला. म्हशीचा कान दोन्ही हातांनी धरला, छाती भरून श्वास घेतला आणि आत फुंक मारली. जोरात.

एका फुंकेत मोकळं झालं. म्हैस जी उधळली ती बोळातनं सुटली, चावडीपुढनं गेली, देवळापुढनं गेली. पारूबाईनं दावं मनगटाला गुंडाळलं होतं, त्यामुळं तीही गेली. दूधवाल्याच्या किटल्या आडव्या झाल्या. मास्तर भिंतीला चिकटले. दौलू मात्र समाधानानं बघत राहिला. मिस्त्री बोलला ते खोटं नव्हतं.

बऱ्याच वेळानं पारूबाई परत आली. लुगडं चिखलानं भरलेलं. एका हातात चप्पल, आणि ती तिनं मारायलाच आणली होती. पण दौलूचं तोंड इतकं निष्पाप होतं की तिचा हात खाली आला. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मेल्या, अडलेल्याला असं करत्यात व्हय? अडलेल्याला गोडीगुलाबीनं घ्यायचं. पुढनं हिरवी वैरण दाखवायची. मागनं पाठ थोपटायची. ये बाये, ये, म्हणायचं. आपसूक पुढं येतंय."

दौलूला हे पटलं. त्याला मुळातच कुणाला जोर करायला आवडत नसे. त्यानं पारूबाईकडनंच हत्तीगवताची एक पेंढी मागून घेतली. फुंक बाहेर गेली, वैरण आत आली.

आक्कासाहेब त्या दिवशी बाजाराला गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा गाडीचं झाकण उघडं होतं. काचेखालच्या तोट्यांपुढं हिरवंगार गवत मांडलेलं. काही बाटलीतही खोचलेलं, म्हणजे पाण्याला वास लागावा. आणि दौलू गाडीच्या मागच्या बाजूला उभा राहून तिची पाठ थोपटत होता.

"ये बाये," तो म्हणत होता. "ये. कुणी काय करत न्हाई. ये."

आक्कासाहेबांच्या हातातली पिशवी खाली पडली. चार बटाटे घरंगळत गाडीखाली गेले.

"दौलू, हे काय?"

"पाणी भायेर येत नव्हतं न्हवं," दौलू म्हणाला. "भ्यालं असंल. बंद जागेत इतकी वर्षं."

आक्कासाहेबांना हसावं की रडावं कळेना. फेरी आता परवावर आली होती. सकाळीच भाऊसाहेबांचा माणूस येऊन टेप लावून गाडीची लांबी-रुंदी घेऊन गेला होता. कारंज्याच्या हौदाचं माप काढायला. त्या पायरीवर बसल्या. दौलूला त्यांचं तोंड बघून गलबललं. त्यानं गाडीखाली सरपटत जाऊन चारही बटाटे काढून दिले. त्याला एवढंच सुचलं.

"तू मिस्त्रींना जाऊन सगळं सांग," आक्कासाहेब म्हणाल्या. "सगळं. गवतसुद्धा."

दौलूनं सांगितलं. मिस्त्रीनं त्याला समोर बसवलं. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "गवत काढ. बाटली धू. नळी धू. गाळून पाणी भर. भरलं की बघ, कुठनं पाणी भायेर येतंय का. जुनी नळी हाय, चिरली असंल. जिथनं थेंबबी भायेर येताना दिसंल, तिथं पंक्चर काढतोस तसं सोल्युशन लावायचं आणि रबराची टिकली चिकटवायची. थेंब भायेर पडता कामा न्हाई. उद्या मी येतो बघायला."

पंक्चर हे दौलूचं आवडतं काम. त्याचं पंक्चर कधी पुन्हा सुटायचं नाही. तो जवळजवळ पळतच बंगल्यावर आला. गवत काढलं. बाटली धुतली, नळी धुतली, फडक्यानं पाणी गाळून भरलं. खाली बसून नळी बोटाबोटानं तपासली. नळी कोरडीठाक. कुठं चीर नाही. मग त्यानं बटण दाबून बघितलं. दाबलं, पुन्हा दाबलं, दाबत राहिला. अन् एका तोटीच्या तोंडाशी एक बारीकसा थेंब आला. लुकलुकला.

दुसरा कुठलाही माणूस असता तर आनंदानं नाचला असता. दौलू मात्र दचकून मागं सरला. थेंब बाहेर येत होता. त्यानं लगोलग तोटी पुसली, घासली, सोल्युशन लावलं, फुंकर घालून वाळवलं आणि वर रबराची टिकली दाबून बसवली. दुसरी तोटी अजून कोरडी होती, पण तिचाही भरवसा नाही म्हणून तिलाही एक लावली. मग बटण दाबून बघितलं. एक थेंब नाही. दौलू त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून स्वतः आला.

"गळतं का कुठं?"

"न्हाई. एक थेंब न्हाई," दौलू म्हणाला.

"शाब्बास," मिस्त्री म्हणाला. त्यानं तोट्यांकडं बघितलंच नाही, कारण त्या तोट्या आहेत आणि त्यांना भोकं आहेत हे त्यानं गृहीत धरलं होतं. तो गाडीत शिरला, आडवा झाला आणि बटणाच्या खालचा जोड बघायला डोकं आणि प्लॅस्टर आत घातलं. "आक्कासाहेब, आता दाबा. मी हितनं बघतो."

आक्कासाहेबांनी बटण दाबलं. बटण जड लागलं. त्यांनी जोर लावला. पाण्याला तोटीतनं जायला वाट नव्हती. दौलूची टिकली काही सुटणारी नव्हती. मग पाण्यानं आपली वाट काढली. बटणाखालची नळी फटकन निघाली आणि सगळी बाटली मिस्त्रीच्या अंगावर रिकामी झाली.

मिस्त्री बाहेर आला. मिशीतनं पाणी ठिबकत होतं. प्लॅस्टर भिजून लापशी झालं होतं.

"दौल्या," तो शांतपणे म्हणाला, "तोटी दाखव."

दौलूनं अभिमानानं दाखवली. मिस्त्रीनं डाव्या हातानं टिकलीची कड नखानं उचकटली आणि ताकदीनं ओढली. टिकली सोल्युशनसकट सोलून निघाली. तिच्या खालच्या अंगाला पांढराफेक, सुईएवढा खडा चिकटून आलेला. क्षाराचा. दुसरी टिकली ओढली. तिलाही तसलाच. इतक्या वर्षांचं साकळलेलं सगळं आतल्या दाबानं तोंडाशी आलं होतं आणि टिकलीला चिकटून बाहेर निघालं होतं. तोट्यांची भोकं आता आरपार दिसत होती.

मिस्त्री एकदा खड्याकडं आणि एकदा दौलूकडं बघत राहिला.

नळी पुन्हा बसवली. पाणी भरलं. आक्कासाहेबांनी भीत भीत बटण दाबलं. दोन बारीक, चकचकीत धारा तोट्यांतनं उठल्या, वाकल्या आणि काचेवर जाऊन फुटल्या. आक्कासाहेबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा धारा. मग त्या दाबतच राहिल्या, आणि हसायला लागल्या, इतक्या की त्यांना पदर डोळ्याला लावावा लागला. दौलूही हसला. त्याला वाटलं, आपण आता मिस्त्री झालो.

पण बाटली रिकामी झाली होती. आक्कासाहेबांना त्याच दिवशी कोल्हापूरला भाचीकडं मुक्कामाला जायचं होतं. मिस्त्रीला नवं प्लॅस्टर घालायला तिकडंच जायचं होतं. गाडी सकाळी टेम्पोतनं ताडपत्री घालून दौलू घेऊन येणार होता. निघताना आक्कासाहेब दारातनं म्हणाल्या, "दौलू, एकच गोष्ट. उद्या काचेला पाणी कमी पडता कामा नये. बघ बरं का. तुझ्यावर सोपवून चाललेय."

'उद्या काचेला पाणी कमी पडता कामा नये.' दौलूच्या डोक्यातनं टिकली बाहेर गेली आणि हे आत आलं.

ते दोघं गेले. ऊन अजून अंगणात होतं. दौलू गाडीपुढं उकिडवा बसला आणि विचार करायला लागला. त्यानं बाटली बघितली. ती दोन तांब्यांची. आत्ताच डोळ्यांदेखत ती हां हां म्हणता संपली होती. तिच्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे आक्कासाहेबांचा विश्वासघात. त्यानं ती काठोकाठ भरली, पण मन भरेना. तो अंगणात फिरला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला. त्यानं पाना घेतला, पेचकस घेतला, आणि अत्यंत काळजीनं, एक ओरखडा न उठू देता आपलं काम केलं. झाल्यावर गाडीवर ताडपत्री घातली आणि घरी जाऊन शांत झोपला.

सकाळी कोल्हापूरच्या मैदानावर गाड्याच गाड्या. फेटे, फुगे, बँड. भाऊसाहेब आधीच येऊन उभे होते, पांढराशुभ्र सदरा घालून. सोबत कारंजं बसवणाऱ्या ठेकेदारालाच घेऊन आले होते. टेम्पोतनं लिंबाच्या रंगाची गाडी उतरली. दौलूनं ताडपत्री ओढून काढली. मुख्य परीक्षक शिरगावकर पुढं आले. त्यांनी दिवे बघितले, हॉर्न वाजवून बघितला, ब्रेक दाबून बघितले. मग समोरच्या काचेकडं वळले आणि थबकले.

"वा," ते म्हणाले. "काय पुसलीय काच. इतक्या गाड्या बघितल्या, इतकी स्वच्छ काच बघितली नाही. काच आहे असं वाटतच नाही."

आक्कासाहेबांनी कौतुकानं दौलूकडं बघितलं. दौलू लाजला.

"आता पाणी," शिरगावकर म्हणाले.

"थांबा," भाऊसाहेब पुढं झाले. "बटण मी दाबणार. ह्या गाडीचं पाणी मी इतक्या वर्षांत बघितलेलं नाही. आत बसून, अगदी जवळनं, माझ्या डोळ्यांनी बघणार. मग मानीन."

ते गाडीत बसले. बुटकी गाडी, त्यांचे गुडघे हनुवटीला आले. ते पुढं वाकले, नाक काचेच्या चौकटीला लावलं, डोळे मोठे केले आणि बटण दाबलं.

दोन धारा उठल्या, वाकल्या आणि सरळ भाऊसाहेबांच्या दोन डोळ्यांत गेल्या. भाऊसाहेब दचकले, त्यांचं बोट बटणावर आणखी दाबलं गेलं. आणखी धारा. मिशी, सदरा, छाती सगळं भिजलं.

बँड थांबला.

"पाणी काचेतनं आरपार आलं," एक परीक्षक हळूच म्हणाला.

"विलायती काच आहे," गर्दीतनं कुणीतरी समजावून सांगितलं.

शिरगावकरांनी हात पुढं करून काचेवर टकटक करायला बोट वाकवलं. बोट आत गेलं. हात आत गेला. कोपरापर्यंत गेला आणि भाऊसाहेबांच्या ओल्या मिशीला लागला. चौकट होती. रबर होतं. स्क्रू होते. काच नव्हती.

सगळे परीक्षक कोपऱ्यात जाऊन कुजबुजले. आक्कासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ठेकेदारानं खिशातनं टेप काढली. शिरगावकर परत आले, घसा साफ केला.

"नियम असा आहे," ते म्हणाले, "की पाणी उडालं पाहिजे. पाणी उडालं. जोरात उडालं. काच असावी असं नियमात लिहायचं राहून गेलंय, कारण असं कधी कुणाला सुचलं नव्हतं. गाडी पास."

"मी बघितलंच नाही," भाऊसाहेब डोळे चोळत म्हणाले.

"तुमच्याइतकं जवळनं कुणीच बघितलं नाही," शिरगावकर म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडं गेले.

फेरी निघाली. आक्कासाहेबांनी पदर खोचला, डोळ्यांना काळा चष्मा लावला आणि गाडी रस्त्याला घेतली. शेजारी दौलू. वारा सरळ तोंडावर. दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवरनं लोक फुलं उधळत होते आणि ती काचेला न आपटता थेट मांडीवर येऊन पडत होती. लोकांना वाटलं, बाईंनी मुद्दामच शर्यतीच्या थाटात काच काढून ठेवलीय. टाळ्या त्यांनाच सगळ्यांत जास्त पडल्या. आक्कासाहेबांच्या तोंडात एक पाकळी गेली, तरी त्या हसत होत्या. दौलूला वाटलं, ह्यापरता सुखाचा दिवस नाही.

फेरी संपल्यावर गाडी चिंचेच्या सावलीत लावली. मिस्त्री नवं प्लॅस्टर सांभाळत आला. आक्कासाहेबांनी चष्मा काढला.

"दौलू," त्या म्हणाल्या, "मी रागावणार नाही. काच कुठं आहे?"

"बंगल्याच्या हिरीत हाय," दौलू म्हणाला.

मिस्त्री गाडीच्या मडगार्डवर बसला.

"विहिरीत का?" आक्कासाहेबांनी विचारलं.

"तुमीच म्हणाला, काचेला पाणी कमी पडता कामा न्हाई. बाटलीत कितीसं मावणार? ती हीर मे महिन्यातबी आटत न्हाई. काचेवर दोन पुरुष पाणी हाय आता."

ती काच विलायतेत आता मिळणंही मुश्कील होतं. मग मिस्त्री, एकेक शब्द जपून, म्हणाला, "दौल्या, काच नुसती टाकलीस का, दोर बांधून सोडलीस?"

"दोर बांधून," दौलू म्हणाला. त्याला असं विचारल्याचं थोडं वाईटच वाटलं. "नवा दोर. जाड. तुटंल असला न्हाई."

आक्कासाहेबांनी सुस्कारा सोडला. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यानं दौलूच्या पाठीवर थाप मारली. "मग काय काळजी न्हाई, आक्कासाहेब. गेल्या गेल्या ओढून वर घिऊ. दौल्या, एक टोक काचेला, आणि दोराचं दुसरं टोक कशाला बांधलंस?"

"तेबी काचेलाच," दौलू म्हणाला. "एक सुटलं तर दुसरं असावं म्हणून."